न आलेला ठसका

भागीरथाबाई उमरेड रोडनं पायी चालत आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इतवारीतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी बैलबंड्या आडव्या लावून, त्यांवर पोती रचून लोकांनी भिंत केली होती. भिंतीवर पहाऱ्याला बसलेल्या वामनरावांनी आधी चालणं ओळखलं, मग लुगडं. डावा पाय जरा ओढत चालायची आईची जुनी सवय. पण मरून उठलेलेही पाय ओढतच चालत, म्हणून शेजारच्या गड्यानं बांबू हातात घेतला. वामनरावांनी तो खाली दाबला.

"माय आहे माही," ते म्हणाले.

तेवढ्यात म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, पोत्यांची ती भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "वामन गा, दार कुठं हाय इथलं?"

दार नव्हतं. आत घेण्यासारखं माणूस असलं तर शिडी सोडत, आणि शिडीच्या आधी शेगडी.

त्या साली चैत्रात नागपुरावर जे आलं त्याला कोणी धड नाव दिलं नाही. आधी ताप आला. तापानं माणसं गेली, आणि गेलेली माणसं तिरडीवर उठून बसली. पहिल्या घरी असं झालं तेव्हा त्या घरानं साखर वाटली होती, असं बाजारात सांगत. मग त्या उठलेल्यांनी साखर वाटणाऱ्यांनाच चावे घेतले, आणि तीही उठली. एकेक मोहल्ला रिकामा होत गेला, उरलेल्या गल्ल्यांनी आपापली तोंडं बंद करून घेतली. आकाशवाणीवर सकाळ-संध्याकाळ एकच निवेदन लागे. कामठीहून पलटण निघाली आहे, लोकांनी घरातच थांबावं. पलटण काही येत नव्हती आणि लोक थांबून होते.

चावा लागलेला माणूस लगेच पडत नसे. पडायला दिवस जाई, आणि तो दिवसभर तुमच्याआमच्यासारखा चाले, बोले, जेवायला मागे आणि चाव्याची जागा कपड्याखाली लपवून ठेवी. तो ओळखायचा कसा हे या गल्लीला मिरचीनं शिकवलं. गल्ली मिरचीच्या बाजाराला लागून. सुरुवातीच्या गोंधळात तिथलं एक गोदाम पेटलं आणि असा धूर झाला की लहानथोर सगळे ठसकून ठसकून भुईवर लोळू लागले. त्या धुरात एक हमाल मात्र निवांत उभा राहून काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता. संध्याकाळी तो पडला आणि घटकाभरानं उठला. तेव्हा कळलं की चावलेल्या माणसाचं नाक आणि घसा आधी मरतात, मग बाकीचं अंग. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यापुढे निखाऱ्यांची शेगडी दोरीनं खाली सोडायची, तिच्यात मूठभर मिरची टाकायची आणि त्याला तोंड धरायला लावायचं, असा नेम झाला. ठसका आला की शिडी, नाही आला तर वाट मोकळी. हा नेम एकदाही चुकला नव्हता.

वामनरावांनीच शेगडी सोडली. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही.

मिरची तडतडली, धूर निघाला. भिंतीवरची माणसं नाकाला धोतराचा सोगा लावूनही खोकू लागली. खाली भागीरथाबाई धुरात तोंड धरून उभ्या राहिल्या. चुलीपुढे भाकरी शेकायला बसल्यासारखा त्यांचा चेहरा होता. डोळ्याला पाणी नाही की नाकाला नाही. बराच वेळ झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि झालं का आता, असं विचारलं.

तेव्हा वामनरावांच्या लक्षात आलं. आईला ठसका कधी येतच नव्हता.

भिवापूरकडे मिरचीचे सातरे असतात. उघड्या माळावर मिरची वाळत घालायची आणि बायांनी रांगेत बसून तिचे देठ खुडायचे. नवी बाई पहिल्या हंगामात खोकून बेजार होते, हातांची आग होते म्हणून रडते. पुढे हात मरतात आणि घसाही मरतो. वामनराव मांडीवर होते तेव्हापासून भागीरथाबाई सातऱ्यावर बसत. नवरा लवकर गेला, दोन्ही पोरं त्या मिरचीवर वाढली. पोरं नागपुरात लागली, वामनराव मिरचीच्या बाजारात मापारी आणि धाकटा रविंद्र गिरणीत, तरी म्हातारीचा जीव घरात लागेना. हंगाम आला की ती भिवापूरला जायची ती चैत्र सरेस्तोवर. लोक आम्हाला हसतात, दोन कमावती पोरं असून म्हातारीला मजुरीला धाडतात म्हणतात, यावरून रविंद्रचं आणि तिचं दर वर्षी वाजे. याही वर्षी वाजलं होतं. ती न जेवताच गाडीत बसली होती.

वामनरावांनी हे सगळं महादेवरावांना सांगितलं. महादेवराव मिरचीचे अडत्ये, गल्लीतले वजनदार गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. आपल्या घरचा तांदूळ त्यांनी गल्लीला मोकळा करून दिला होता आणि शेगडीचा नेमही त्यांनीच घालून दिला होता. भिंतीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून ते बसत. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, वामनराव," ते म्हणाले. "पण मले एक सांगा. सातऱ्यावरच्या बाईले ठसका येत नाही, अन् चावलेल्या बाईलेही येत नाही. मंग ही कोणती ते मी कायनं ओळखू?"

 वामनरावांनी आणखी दोनदा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं.

भिंतीपलीकडून म्हातारी ऐकतच होती. तिनं तिकडूनच महादेवरावांना टोला हाणला, की तुमच्याच अडतीवर येणाऱ्या पोत्यांचे देठ म्या खुडले, माहा घसा तुम्हीच खाल्ला, अन् आता मलेच बाहेर ठेवून राहिले का. भिंतीवरची दोघं-चौघं हसली. महादेवरावही कसनुसं हसले. पण शिडी सोडा असं कोणी म्हणालं नाही.

मग तिनं जे केलं ते वामनरावांना पुढे कधी विसरता आलं नाही. तिनं शेगडी जवळ ओढली, आणखी मिरची टाका म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून खोकली. दंडारीच्या खेळात म्हातारीचं सोंग घेतलेला गडी खोकतो तसं, एकसारखं आणि मापात. खोकून झालं की ती वर पाही, आणि वरचे लोक गप्प आहेत असं दिसलं की पुन्हा खोके. हसणारे आता हसत नव्हते. चावलेले लोकही असंच करून पाहत, हे त्या भिंतीवर सगळ्यांना माहीत होतं.

"राहू दे, माय," वामनराव म्हणाले. तेव्हा ती थांबली.

एक वाट उरली होती. मारोतरावांच्या घरचं झाल्यावर गल्लीनं ती ठरवली होती. मारोतरावांनी आपल्या संशयित भावाला गुपचूप घेऊन मागच्या खोलीत कोंडलं होतं. खोलीचं दार रात्री मोडलं आणि सकाळपर्यंत घरात जिवंत कोणी राहिलं नाही. त्यानंतर असं ठरलं की संशयातल्या माणसाला घ्यायचंच असेल तर त्याच्या घरच्यांनी घ्यावं, पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची 'हो' पाहिजे. एकानं जरी 'हो' म्हटलं नाही तरी नाही. आणि सगळ्यांनी 'हो' म्हटलं की अख्ख्या घराला बाहेरून कुलूप पडणार, ते दुसऱ्या दिवशी याच वेळेला निघणार. घरातलं एकही माणूस त्या दिवशी दुसऱ्याकडे राहू शकणार नाही. तसं राहतो म्हटलं तरी कोण ठेवून घेणार होतं?

वामनराव भिंतीवरून उतरून घरी गेले. घर गल्लीच्या तोंडापासून दुसरंच. त्यांची बायको गोपिका उंबरठ्यातच उभी होती, तिला बातमी कळली होती. तिनं काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं की माही 'हो' आहे. सासू-सुनेचं फार गोडीगुलाबीचं होतं असं नाही, पण तिनं क्षणाचाही वेळ लावला नाही. घराचं कुलूप आणि किल्ली घेऊनच ती बाहेर पडली.

रविंद्र आणि त्याची बायको प्रेमिला भिंतीच्या पायथ्याशी आली. प्रेमिलाच्या कडेवर नीला होती. नीलाला नुकते चार शब्द फुटले होते, त्यातला एक 'आजी' होता.

प्रेमिला भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, कधी बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून वामनरावांसमोर डोक्यावर पदर आणि तोंडात शब्द नाही, अशी त्या घरची रीत. काही सांगायचंच झालं तर जावेला मध्ये घाली. आताही तिनं गोपिकेकडे तोंड केलं आणि म्हणाली, त्याईले सांगा, आत्याबाईच्या जागी माही सख्खी माय असती तरी मी हेच म्हटलं असतं. लेकरू घेऊन मी कुलपात बसणार नाही.

वामनरावांनीही गोपिकेला मध्ये घालूनच सांगितलं, की मी स्वतः रात्रभर आईच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसतो. मारोतरावही तसेच बसले होते, असं प्रेमिलाचं उत्तर आलं. नीलाला एक दिवस शेजारी ठेवा, वामनराव म्हणाले. दोन घरी विचारून झालं. दोन्ही घरच्या बायांनी नीलाच्या गालाला हात लावला आणि नाही म्हटलं. मग आईला भिंतीच्या बंडीवरच बसू द्या, अशी त्यांनी महादेवरावांना गळ घातली. बंडी म्हणजेच भिंत आहे, महादेवराव म्हणाले.

मग वामनराव भावाकडे वळले. रविंद्र आईचा लाडका. त्याच्या ताटात तिनं कायम जास्तीचं वाढलं होतं आणि वामनरावांनी ते कायम पाहिलं होतं. तो खाली मान घालून उभा होता, भिंतीकडे पाहतसुद्धा नव्हता.

"तू बोल ना गा," वामनराव म्हणाले. "गिरणीत लागला तवा पायात बूट कोनं घालून देल्ले तुले? का तेही विसरला?"

"मारोतरावाचं दार सकाळी कोनं खोललं, मालूम आहे का तुले?" रविंद्र म्हणाला. "म्या खोललं. तू भिंतीवर होता, दादा. आत काय होतं ते तू नाही पाह्यलं."

"ते अन् हे एक आहे का? मायले चावलं नाही."

"तुले कसं मालूम?"

"मले मालूम आहे."

"कसं पण?"

यावर वामनराव जे बोलले ते चांगलं नव्हतं. बायकोच्या पदराआड लपतो, आईनं आपलं दूध फुकट घालवलं, असं काहीबाही बोलले. रविंद्रनं ऐकून घेतलं. प्रेमिलाला ते ऐकून घेता आलं नाही. तिनं नीलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहून बोलली.

"तुमच्या खोलीत लेकरू निजत नाही, दादा. माह्या खोलीत निजते."

गोपिका तिथंच उभी होती.  किल्ली तिनं कमरेला खोचली आणि महादेवरावांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिच्या कुशीत दोन लेकरं येऊन गेलेली होती, राहिलं एकही नव्हतं. हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. 

भिंतीपलीकडून आवाज आला. "भांडू नका वं. मी त्या टरकावर जाऊन बसते. रातभर काढते मी. सकाळी पाहून घेजा मी कशी हावो ते."

रस्त्याच्या पलीकडे मिरचीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक बंद पडलेला होता. ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात पळाला होता. उठलेल्यांना चढता येत नसे, एवढं तिला वाटेत समजलं होतं. ती चाकावर पाय देऊन, मागच्या फाळक्याला लोंबकळत कशीबशी वर गेली आणि पोत्यांवर बसली. वामनराव एक पाय भिंतीपलीकडे टाकून तिच्याकडे जायला निघाले, तर तिनं तिथूनच दटावलं. तू इकडं आला तं परत कसा जाशीन, मंग माह्यासंगं तुह्यासाठीही भांडतीन तिथं, बस गुमान. त्यांनी पाय मागे घेतला. तो मागे घेताना त्यांना जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी दोरीनं भाकरी आणि पाण्याचा लोटा भिंतीखाली सोडला. आई दमून कलंडली होती. भाकर नको, पाणी राहू दे तिथं, मंग घेते, असं तिनं हातानंच सांगितलं. मग अंधार पडला आणि रस्त्यावर पाय ओढल्याचे आवाज सुरू झाले. पहारा बदलला तेव्हा लोकांनी वामनरावांना धरून खाली उतरवलं. रात्री केव्हा तरी भिंतीपलीकडे लोटा गडगडल्याचा आवाज त्यांनी घरात पडल्या पडल्या ऐकला. बाकी काही ऐकू आलं नाही.

सकाळी आई ट्रकवर बसलेली होती आणि केसांचा बुचडा बांधत होती.

भिंतीवरून बातमी खाली गेली आणि गल्ली जमा झाली. म्हातारी बोलत होती, चहा मागत होती. आदल्या दिवशी भर दुपारी ती आली, म्हणजे वाटेत चावलं असतं तर आतापर्यंत तिची दशा दिसायला लागली असती. उठायच्या आधी डोळे पिवळे होतात, जीभ जड होते. तसलं काही नव्हतं. वामनराव खरं बोलत होते, असं लोक एकमेकांना सांगू लागले. प्रेमिला सगळ्यांच्या आधी चहाचा पेला घेऊन भिंतीशी आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं पुन्हा गोपिकेकडे तोंड केलं आणि म्हणाली, त्याईले म्हणा, घेऊन या आत्याबाईले. मी आंघोळीले पाणी ठेवते. रविंद्रनं मान हलवून 'हो' म्हटलं आणि भिंतीवर चढून स्वतःच शिडी उचलली. गोपिकेनं कमरेची किल्ली काढून महादेवरावांच्या हातावर ठेवली. चारी माणसांची 'हो' झाली होती.

शिडी खाली गेली. भागीरथाबाई ट्रकवरून उतरून रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी पहिल्या पायरीवर हात ठेवला. आत, भिंतीच्या पायथ्याशी नीला "आजी, आजी" करत टाळ्या वाजवत होती.

महादेवराव त्या दिवशी भिंतीवर आले होते. त्यांनी काही अडवणूक केली नाही. नेमाप्रमाणे विचारायचं ते तेवढं विचारलं, की बाई, रात्री काही लागलं वगैरे तं नाही ना?

नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. लुगडं घोट्यापर्यंत होतं, कोणी ते वर करून पाहणार नव्हतं. भागीरथाबाईंनी भिंतीच्या फटीतून आत पाहिलं. तिथून त्यांना नीला दिसत असावी. मग त्यांनी पायरीवरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं लुगडं जरा वर घेतलं. पोटरीवर रक्त वाळलेलं होतं.

"लागलं," त्या म्हणाल्या. "पाणी प्याले उतरली होती मी. लोटा घेऊन वर चढता चढता पोटरीले काही तरी लागलं. फाळक्याचा पत्रा असन, नाही तं दुसरं काही असन. अंधार होता गा. मले दिसलं नाही."

 महादेवराव म्हणाले, म्हणजे घरच्यांना पुन्हा विचारावं लागेल. हे बोलताना ते कुणाकडे पाहत नव्हते. कालचा दिवस तिनं निभावला होता, पण तो निभावताना बाहेरची एक रात्र तिच्या अंगावर आली होती. आजचा दिवस निभावायचा तर पुन्हा बाहेरच, आणि पुन्हा एक रात्र. तिला आत घ्यायला शेगडी कधीच उपयोगी पडणार नव्हती. वामनरावांना हे सगळं एका दमात कळलं.

महादेवरावांनी प्रेमिलाला विचारलं. तिनं नीलाला उचलून घेतलं आणि तोंड तिच्या झबल्यात लपवलं. रविंद्रला विचारलं. तो शिडीचा वरचा दांडा धरून होता, त्यानं तो सोडलाही नाही आणि बोललाही नाही. गोपिकेला विचारलं. काल क्षणाचा वेळ न लावणारी गोपिका महादेवरावांच्या हातातल्या किल्लीकडे पाहत राहिली.

मग त्यांनी वामनरावांना विचारलं. आता त्यांच्या एकट्याच्या 'हो'नं काही होणार नव्हतं, बाकी तिघं गप्प होती. तरी विचारलं, कारण नेम होता. आणि आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कालपासून ती सगळ्यांचं ऐकत होती, पण वाट तिनं फक्त या एका उत्तराची पाहिली असावी.

काल दिवसभर वामनराव 'हो' ओरडत होते. भावाला नको नको ते बोलले होते. काल त्यांना खात्री होती. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहायचं ठरवलं, आणि नजर पोटरीवर गेली. ती जखम पत्र्याची असेल. पत्र्यानं कातडी सरळ चिरली जाते, ही वेडीवाकडी होती. पण चढता चढता लागलं तर वेडीवाकडीही जाईल. त्यांनी तोंड उघडलं. आपल्या घरातल्या मागच्या खोलीचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, त्याची कडी आणि कडीचे ढिले झालेले खिळे. ते खिळे बदलायचे बदलायचे म्हणून वर्ष गेलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

आईनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग पायरीवरचा हात काढून घेतला.

"चढू द्या मले टरकावर," ती म्हणाली. "ऊन तापलं की पत्र्याले हात लागत नाही."

रविंद्रनं चहाचा पेला दोरीनं खाली सोडला. ती तिथंच उभी राहून प्याली, फुंकर न मारता, नेहमीसारखी. पेला परत दोरीला बांधून दिला. मग ट्रककडे गेली. चढायला तिला कालच्यापेक्षा वेळ लागला. पायाला लागल्यानं असेल, वामनराव मनाशी म्हणाले.

त्यानंतर दिवसभर त्या घरचं कोणी भिंतीवरून हललं नाही. प्रेमिला नीलाला घेऊन खाली सावलीत बसली. बाकी तिघं वर, उन्हात. महादेवरावांनी दोन गडी बांबू घेऊन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसवले. ते का बसवले हे कोणी विचारलं नाही.

भागीरथाबाईंनी पोत्यांवर पदर पसरून काही वेळ डोकं टेकलं, पण नुसतं पडून राहणं त्यांना जमेना. शेजारचं एक पोतं फाटलेलं होतं. त्यांनी त्यातली मिरची ओंजळीनं मांडीवर घेतली आणि देठ खुडू लागल्या. मिरची एका बाजूला, देठ एका बाजूला. इतक्या लांबूनही बोटं दिसत होती. गोपिका म्हणाली, कामात आहेत तोवर बरं आहे. त्या बोलण्याला तिघंही धरून राहिली. नजर बोटांवर.

मध्येच म्हातारीनं तिथून ओरडून रविंद्रला सांगितलं की भिवापुरात त्याच्या मावशीची माणसं धड आहेत, सातऱ्याभोवती काटेरी कुंपण घातलंय. मग एकदा नीलाला उन्हातान्हाची घरात न्या म्हणाली. नंतर काही बोलली नाही.

महादेवराव खालून अधूनमधून विचारत. "काय करून राहिल्या बाई?"

"देठ खुडून राहिली," वामनराव सांगत.

दुपार कलली. रस्त्यावर लांब, तेलघाण्याच्या वळणाशी दोन-चार उठलेले निरुद्देश फिरत होते, ते ट्रककडे फिरकले नाहीत. आधी ते आले की आईचा वास घेत तिच्या खाली जमतील म्हणून वामनरावांना भीती वाटत होती. आता ते जमत नाहीत, याची भीती वाटू लागली. उठलेले आपल्यातल्याकडे जात नसत. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. कदाचित बाकीच्यांच्याही मनात तेच असेल.

सावली ट्रकवर आली तसे हात मंद झाले. एक देठ खुडायचा, मग बराच वेळ मिरची तशीच बोटांत. पुन्हा एक देठ. गोपिकेनं वामनरावांच्या धोतराचं टोक मुठीत धरलं होतं, तिला ते कळत नव्हतं. मग हात मांडीवर पडून राहिले. डोकं छातीवर आलं. मांडीवरच्या मिरच्या एकेक करून पोत्यावर घरंगळल्या.

"झोप लागली असन," गोपिका म्हणाली.

दुसऱ्या टोकाचे दोन गडी उठून उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं. महादेवराव खुर्चीतून उठले. त्यांनी भिंतीकडे तोंड करून, मागे विचारलं होतं तसंच विचारलं.

"काय करून राहिल्या बाई?"

वामनरावांच्या आधी रविंद्रच बोलला. त्याचा चेहरा घामानं आणि धुळीनं ओळखू येत नव्हता, आणि आवाज अगदी साधा होता.

"देठ खुडून राहिली," तो म्हणाला.

महादेवरावांनी वामनरावांकडे पाहिलं. दोघा गड्यांनीही पाहिलं. पलीकडे ट्रकवर काही हलत नव्हतं.

"हो," वामनराव म्हणाले. "खुडून राहिली."